विसावी टीसी

धुरा म्हणजे काही दोन माणसांनी समोरासमोर यायचा रस्ता नव्हे. एक पाऊल मावेल एवढीच ती बांधावरची वाट, दोन्ही अंगांना चिखलानं भरलेल्या भाताच्या बांध्या, आणि वरून सकाळपासून पिठाच्या चाळणीतून चाळावा तसा बारीक पाऊस. त्यात योगेश्वरी टेंभरे या टोकाकडून निघाली आणि तो त्या टोकाकडून. दोघांच्याही काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. मधोमध येऊन दोघंही थांबले.

“तुम्ही हटा,” योगेश्वरी म्हणाली.

“मी? मॅडम, माझे बूट नवे आहेत.”

“मग शेतात कायले आले नवे बूट घालून?”

तो हसला. हसताना त्याचा एक गाल जरा जास्त वर जायचा. योगेश्वरीला ते दिसलं, आणि दिसल्याचा तिला रागही आला. त्याच्या फाईलवर निळ्या अक्षरांत छापलं होतं – दुर्गाप्रसाद महाविद्यालय, तिरोडा. हातातली छत्री याच्या टाळक्यात घालावी की काय, असं तिला क्षणभर वाटून गेलं.

आता हे समजून घ्या. जुलै महिन्यात आपल्या जिल्ह्यात दोनच प्रकारची माणसं चिखल तुडवताना दिसतात. एक रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, बाया, आणि दुसरे कॉलेजसाठी पोरं शोधत फिरणारे मास्तर. बारावीचा निकाल लागला रे लागला की हे निघाले फायली घेऊन. घरोघरी जायचं, आमचंच कॉलेज तुमच्या लेकराला कसं योग्य ते पटवायचं आणि उठताना शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी, मागून घ्यायची. बाकी होकार-नकार सगळे हवेतले. ज्याच्या हातात टीसी, त्याचा विद्यार्थी!

योगेश्वरी देवरीच्या चंपाबाई महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तीही पक्की नव्हे, तासिका तत्त्वावर. यंदा संस्थेनं साफ सांगितलं होतं, पहिल्या वर्षाला वीस पोरं मिळाली तर विभाग चालेल, एकोणीस झाली तरी कुलूप. आणि घरी बाबांनी, दुधराम टेंभऱ्यांनी, त्याला आपलं शेपूट जोडलं होतं. “विभाग चालला त एक वरीस लग्नाचं नाव काढणार नाही. बंद पडला त दिवाळीनंतर पाहुणे.” त्या दिवशी योगेश्वरीच्या कपाटात सोळा टीसी होत्या.

“हटा म्हटलं ना!”

तो हटला. म्हणजे, एक पाय बाजूला टाकायला गेला आणि गुडघ्यापर्यंत बांधीत उतरला. पाय वर आला, बूट आला नाही.

तिकडून रोवणीच्या बायांचा एकच हशा उठला. कमरेला पदर खोचलेली एक दणकट बाई त्यांच्यात होती. तीच गोमतीबाई. तिची पोरगी सोनिका यंदा बारावी सायन्सला चांगले मार्क घेऊन पास झालेली. दोघंही तिलाच गाठायला आले होते.

“दोघंबी कॉलेजवाले दिसता,” गोमतीबाई म्हणाली. “बोला जी, आयकतो आमी. पन आज माह्या चार बाया कमी हायेत. बोलाचं असन त हातात पेंढी घ्या. रिकाम्या हातानं इथं कोनी बोलत नाही.”

योगेश्वरीनं चपला धुऱ्यावर काढल्या, सलवार वर खोचली आणि पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, पेंढी उचलली. तिचा हात लहानपणापासूनचा. तो मात्र उरलेला बूट हातात धरून उभाच होता.

“या ना सर. की तांदूळ फक्त ताटात पाहिला?”

“ताटात आणि पोत्यात. आमचं गोंदियात हार्डवेअरचं दुकान आहे, मॅडम. टिकेश बिसेन. कॉम्प्युटर शिकवतो.” त्यानं पँट दुमडली. “पण लागले तर खिळे लावून देतो.”

आणि तो लावायला लागला. पोटतिडकीनं लावायला लागला. दहा मिनिटं कोणाचं लक्ष नव्हतं. मग एका बाईनं मान वर केली आणि किंचाळलीच. “अवो सर! मागं सरका ना! पुढं पुढं काऊन जाऊन राहिले? लावलेलंच तुडवून राहिले तुमी!”

भात रोवताना मागे मागे सरकत जायचं असतं, हे या गोंदियाच्या बाबूला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यानं वळून पाहिलं. त्याच्या पाठीमागं बिचाऱ्या रोपांची पार चटणी झाली होती. बायांनी कमरेवर हात ठेवून हसून घेतलं, योगेश्वरीला तर हसता हसता ठसका लागला. त्याला राग येईल असं तिला वाटलं. पण तो निमूट पहिल्या जागी गेला, तुडवलेली रोपं एकेक उचलून पुन्हा खोचू लागला आणि तिच्या शेजारी आल्यावर हळूच म्हणाला, “मॅडम, हे तुमच्या प्रॉस्पेक्टसमध्ये छापू नका, प्लीज.”

त्या दिवशी दोघांनी चार तास रोवणी केली. ती आपल्या कॉलेजचं सांगायची, जंगल लागून आहे, फी कमी आहे. तो आपलं सांगायचा, नवी लॅब आहे, मुलींचं वसतिगृह आहे. सोनिका त्याच ओळीत चौथ्या जागेवर मान खाली घालून रोवत होती. तिच्याकडं कोणी वळूनही पाहिलं नाही. संध्याकाळी गोमतीबाईनं हात धुतले आणि निकाल दिला, “टीसी पेटीत हाये, कुलपात. रोवनी झाल्यावर पाहू.”

त्यानंतर तो जिथं तिथं दिसायला लागला. गोरेगाव तालुक्यातली ती गावं पडली देवरी आणि तिरोड्याच्या मध्ये, त्यामुळे तिच्या यादीत जी गावं तीच त्याच्या. फरक एवढाच की तिच्याकडं स्कूटी होती आणि तो एसटीनं यायचा. तिसऱ्या दिवशी भर पावसात एका फाट्यावर तो फाईल शर्टाच्या आत घालून उभा दिसला. स्वतः नखशिखांत भिजलेला, पण फाईल कोरडी.

योगेश्वरीनं ब्रेक दाबला. का दाबला, ते तिला विचारू नका.

“बसा. पण गावाच्या अलीकडं उतरायचं. दोन कॉलेजं एका गाडीवरून उतरली तर लोक म्हणतील, यांचं आपसात काहीतरी जमलं.”

“जमलं तर वाईट काय?” तो मागे बसत म्हणाला.

“कॉलेजांचं म्हणते मी.”

“मी पण कॉलेजांचंच म्हणतोय, मॅडम… तुम्हाला काय वाटलं?”

तिनं एक्सिलेटर जरा जास्तच पिळला. तो दोन्ही हातांनी मागचं कॅरियर घट्ट धरून बसला. तिच्या खांद्याला चुकूनही हात लागू नये म्हणून खड्ड्याखड्ड्याला त्याची जी कसरत चालायची, ती तिला आरशात दिसत होती. बरं वाटलं तिला. आणि खरं सांगायचं तर थोडंसं… नाहीही वाटलं.

रोजच्या त्या स्कूटीवर एक खेळ सुरू झाला. काढला त्यानंच. “मॅडम, घरोघरी जाऊन तेच तेच छापील बोलून जीभ सडली माझी. आपण एक करू. गाव येईपर्यंत आपापल्या कॉलेजचं एकेक खरं सांगायचं. छापलेलं नाही, खरं.”

“आधी तुम्ही.”

“आमच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर तीस. चालतात बावीस.”

“आमच्याकडं सूक्ष्मदर्शक चार,” ती म्हणाली. “त्यातल्या एकातून काहीही पाहा, सगळं निळंच दिसतं.”

तो इतका हसला की स्कूटी हलली. मग रोज असंच. त्याच्या वसतिगृहाच्या शामकलाबाई म्हणे सहाच्या ठोक्याला गेट लावायच्या, एकदा तर प्राचार्यांनाच बाहेर ठेवलं होतं. मेसचं वरण इतकं पातळ की ताटाचा तळ दिसायचा. पण कोणी पोरगी आजारी पडली की शामकलाबाई स्वतः मऊ भात करून उशाशी बसायच्या. हे सांगताना त्याचा आवाज मऊ व्हायचा. बसनं येणाऱ्या पोरींसाठी तो जेवण सोडून प्रॅक्टिकल घेतो, सहापर्यंत लॅबमध्ये थांबतो, हेही असंच बोलता बोलता निघालं. योगेश्वरीनं सांगितलं, ती दर शुक्रवारी पोरांना जंगलात नेते, वहीपेन न घेता. झाडाला हात लावल्याशिवाय झाडाचं नाव सांगायचं नाही, हा तिचा नियम. प्राचार्यांना ते पसंत नाही, पण ते डोळेझाक करतात.

“मला न्याल एखाद्या शुक्रवारी?” त्यानं विचारलं.

“तुम्ही तिथंही पुढं पुढं चालाल आणि सगळं तुडवाल.”

“तुमच्या मागं मागं चालेन ना.”

आता यावर काय बोलायचं? तिचे कान तापले. पावसातसुद्धा कान तापतात, हा शोध तिला त्या दिवशी लागला.

कोहमाऱ्याच्या चौकात चहा आणि आलुबोंडा ठरलेला. तो आलुबोंड्यावर तर्री ओतून घ्यायचा, डोळ्यांत पाणी यायचं, तरी पुन्हा मागायचा. एकदा ती म्हणाली, “झेपत नाही तर खाता कशाला?” तर म्हणतो, “तुमच्या समोर माघार घ्यायची नाही म्हणून.” एकदा ती सगळं बोलून गेली. वीस पोरं, बाबांची अट, दिवाळीनंतरचे पाहुणे. सांगायचं नव्हतं, पण जीव टांगणीला लागला की माणूस कोणाशी तरी बोलतोच. तो नेहमीसारखं काहीतरी चुरचुरीत बोलेल असं तिला वाटलं. पण तो कपातल्या चहाकडं पाहत राहिला. “किती झाले आतापर्यंत?” एवढंच विचारलं त्यानं.

“अठरा.”

शेवटच्या आठवड्यात एकोणीस झाले. मग गाडं अडलं ते अडलंच. दोन गावं पालथी घातली, कुठं पोरगं पुण्याला गेलेलं, कुठं पोरीचं लग्न ठरलेलं. संस्थेला आकडा कळवायला सोमवार शेवटचा दिवस. शुक्रवारी संध्याकाळी टिकेशचा फोन आला. “उद्या सकाळी गोरेगावच्या स्टँडवर या. काम आहे.”

ती गेली. तो बाकावर बसला होता. तिला पाहताच उठला, शर्टाच्या आतून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्या हातात दिली. आत टीसी होती. सोनिका चैनलाल पारधी.

“ही… ही तुमच्याकडं कशी?”

“काल गोमतीबाईंकडं गेलो होतो. म्हटलं, बाई, तुमच्या पोरीसाठी देवरीच चांगली. आमच्याकडं नका पाठवू. त्यांनी पेटी उघडून दिली.” तो दुसरीकडंच पाहत होता. “झाले ना वीस?”

योगेश्वरीला रडू फुटलं. भर स्टँडवर! एक म्हातारी आपली पिशवी सावरत बाजूला सरकली. आनंद इतका झाला होता की ती याला काय बोलू आणि काय नको अशी झाली. स्वतःच्या कॉलेजचा विद्यार्थी कोणी असा दुसऱ्याला देतं? नोकरीवर गदा आली असती त्याच्या. तिनं फक्त त्याची बाही धरली. एक क्षणच. मग सोडली, आणि फॉर्मवर सही आणायला थेट सोनिकाच्या गावी निघाली. सगळी वाट ती मनातल्या मनात वीस, वीस असंच म्हणत होती.

सोनिका ओसरीवर बसली होती, मोबाईल हातात. समोर कवडूआजा, शेजारचा म्हातारा, कागद घेऊन उकिडवा बसलेला. त्याचा पीकविम्याचा अर्ज ती भरून देत होती. योगेश्वरी थांबली. म्हातारा उठून गेल्यावर पोरीनं मान वर केली, आणि त्या नजरेत राग होता.

“सही कराची ना, मॅडम? द्या.”

“काय झालं गं?”

“काही नाही. आईनं टीसी देली, सरनं घेतली, तुमी आनली. मले कोनी विचारलंच नाही. रोवनीत चार तास तुमी दोघंबी माह्या आईसंगं बोलत होते. मी चार हातांवर होतो.”

योगेश्वरीच्या तोंडचं पाणी पळालं. खरंच की! सोळाची अठरा, अठराची एकोणीस करण्याच्या नादात या पोरीला तिनं एकदा तरी विचारलं होतं का? बाकीच्यांना तरी धड विचारलं होतं का? ती तिथंच पायरीवर बसली.

“आता विचारते. सांग.”

सोनिका तिच्याजवळ सरकली. मग तिनं मोबाईल पुढं केला. पडद्यावर एक तक्ता होता, चौकोनाचौकोनांचा. गावात कोणाची रोवणी कोणत्या दिवशी, कोणत्या बाया कोणाकडं, कोणाचे पऱ्हे किती दिवसांचे झाले. दरवर्षी या बायांवरून गावात भांडणं व्हायची. यंदा सोनिकानं तक्ता केला आणि एकही भांडण झालं नाही.

“हे तू केलंस? कोणी शिकवलं?”

“कोनी नाही. पाहून पाहून केलं. पन सतरा घरांच्या वर गेलं की गडबडते. काऊन गडबडते ते मले समजत नाही.” पोरगी आता भराभर बोलू लागली. “मले तेच शिकाचं हाये, मॅडम. झाडं आवडतत मले. पन झाडं पाहून माह्या डोस्क्यात रात्रभर काही चालत नाही. याचं चालते.”

योगेश्वरीच्या पिशवीत ती टीसी होती. विसावी. तिनं पिशवीचा बंद मुठीत घट्ट धरला. गप्प बसलं असतं तर? पोरगी सही करायला तयारच होती. तीन वर्षांनी पदवी मिळालीच असती. कोणाचं काय गेलं असतं? आणि असं मनात आल्याचीच तिला लाज वाटली. मग तिनं आत हाक मारली, “गोमतीबाई, जरा बाहेर या. मला तुमच्याशी बोलायचंय.”

गोमतीबाई आली. सोनिकाचा बाप चैनलालही चिखलणी आटोपून ट्रॅक्टरवरून उतरून आला, पाय धुवून खाटेवर बसला.

“सोनिकासाठी देवरी बरोबर नाही,” योगेश्वरी म्हणाली. “तिरोडाच बरोबर आहे.”

“आँ?” गोमतीबाईनं हनुवटीवर बोट ठेवलं. “काल तो सर म्हने देवरीच चांगली. आज तुमी म्हनता तिरोडा. तुमा दोघाईचं डोस्कं ठिकानावर हाये ना?”

“त्यांचं काल नव्हतं. माझं आज आलं. ऐका. आमच्याकडं कॉम्प्युटरचा विषयच नाही. हिला जे येतं आणि जे अडतं ते दोन्ही तिथंच शिकवतात.”

“पन पोरगी एकटी राहीन तिथं,” चैनलाल म्हणाला. “ध्यान कोन देईन?”

“वसतिगृहात शामकलाबाई आहेत. सहाला गेट बंद. प्राचार्यांनासुद्धा बाहेर ठेवतात. वरण पातळ मिळेल, ते मी आधीच सांगते. लॅबमध्ये कॉम्प्युटर तीस आहेत, चालतात बावीस, म्हणजे रांग लागेल. पण तिथले सर सहापर्यंत थांबतात. बसच्या पोरींचं प्रॅक्टिकल राहिलं तर जेवण सोडून घेतात. एखादी गोष्ट येत नसेल तर ‘मलाही येत नाही, उद्या पाहून सांगतो’ असं सरळ म्हणतात. कोणी हसलं तरी चिडत नाहीत. चुकलेलं निमूट पुन्हा करतात. स्वतः भिजतील, पण पोरांचे कागद भिजू देणार नाहीत. आणि खोटं बोलत नाहीत… म्हणजे, एकदाच बोलले.”

“कवा?”

“काल. तुमच्याशी.”

गोमतीबाई योगेश्वरीच्या तोंडाकडं पाहत होती, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू जमायला लागलं होतं.

“मॅडम,” ती म्हणाली, “तुमी कॉलेजचं सांगून राहिल्या का सरचं?”

योगेश्वरीचा चेहरा असा लाल झाला की विचारू नका. सोनिका मोबाईलमध्ये तोंड घालून खुसूखुसू हसायला लागली. चैनलालला काही कळलं नाही. तो म्हणाला, “चांगला मानूस दिसते. जाऊ दे पोरीले.”

टिकेशनं मागे ठेवलेल्या माहितीपुस्तकातच दुर्गाप्रसादचा फॉर्म होता. तो तिथंच भरला, सोनिकानं सही केली. पोरगी आता हसत होती. योगेश्वरी परत गोरेगावच्या स्टँडवर आली, तेव्हा तो त्याच बाकावर होता. दोन बस सोडल्या होत्या त्यानं.

“हे घ्या.” तिनं टीसी आणि फॉर्म त्याच्यापुढं धरला.

त्यानं वाचलं. “मॅडम, पागल झाल्या काय? हा तर आमचा फॉर्म आहे! तुमचे एकोणीसच राहतील!”

“मला मोजता येतं.”

“अहो, पण विभाग…”

“त्या पोरीला कोणी विचारलं होतं का, सर? तुम्ही? मी? माझ्यासाठी तुम्ही तिची तीन वर्षं देऊन टाकली! मी मागितली होती?”

त्याचं तोंड उतरलं. एक बस आली, लोक चढले, बस गेली.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “मी उद्या जाऊन सोनिकाची माफी मागतो. तुमचीही मागतो.”

“केलं काऊन असं?”

“काऊन म्हणजे…” त्यानं डोक्यावरून हात फिरवला. “विभाग बंद पडला की तुम्ही या रस्त्यांवर दिसणार नाही. दिवाळीनंतर पाहुणे येतील, कोणीतरी पोहे खाईल, पसंत करेल. आणि मी फाट्यावर उभा, एसटीची वाट पाहत. ते मला… सच्ची सांगतो, मॅडम, ते मला सहन नाही होत. तुम्ही पाहिजे मला.”

“मॅडम म्हणून?”

“नाही. योगेश्वरी म्हणून.”

पाऊस पुन्हा सुरू झाला होता. स्टँडच्या पत्र्यावर ताड ताड वाजत होता, त्यामुळे तिला जरा मोठ्यानं बोलावं लागलं. “आज त्या ओसरीवर मी अर्धा तास तुमचं कॉलेज समजावून सांगत होते. शेवटी गोमतीबाईंनी विचारलं, कॉलेजचं सांगता का सरचं.”

“मग? काय सांगितलं तुम्ही?”

“काही नाही. पण खोटं बोलायला तोंड उघडलं नाही माझं.”

त्याचे कान लाल होताना तिनं पहिल्यांदाच पाहिले. चला, तिच्या एकटीचेच तापत नव्हते तर!

सोमवारी प्राचार्य इंद्रकुमार सरांनी चष्मा काढून ठेवला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. भला माणूस. “एकोणीस आहेत, योगेश्वरी. मी संस्थेशी दोनदा बोललो. नाही म्हणतात.” तिनं मान हलवली. प्रयोगशाळेत जाऊन चारही सूक्ष्मदर्शकांवर कापड घातलं, निळ्यावरही. तिथं कोणी नव्हतं, म्हणून पोटभर रडून घेतलं. मग तोंड धुतलं आणि कपाटातून एकोणीस टीसी काढल्या.

त्या परत करायच्या होत्या. शिपायाच्या हातून पाठवता आल्या असत्या. पण ज्या घरांत बसून आपण चहा प्यालो, आमच्याकडंच पाठवा म्हणून गळ घातली, तिथं आता पोरांना वाऱ्यावर सोडून गप्प कसं बसायचं? तिनं स्कूटी काढली. फाट्यावर टिकेश उभा होता. तीन दिवसांची रजा टाकून आला होता, आणि आज त्याच्याकडं फाईलच नव्हती.

तीन दिवसांत एकोणीस घरं. ओसरीवर बसलं की आधी पोराला विचारायचं, तुला काय करायचंय? मग आई-बापाशी बोलायचं. कोणाला नर्सिंग, कोणाला आयटीआय. एकाला तर शिकायचंच नव्हतं, त्याला म्हशी पाळायच्या होत्या. टिकेशनं त्याला दुधाच्या डेअरीचा शिक्षणक्रम कुठं असतो ते शोधून दिलं. दोघं तिरोड्याला जाण्याजोगे होते, तर त्यांनाही त्यानं वरण पातळ असल्याचं आधी सांगितलं.

शेवटचं घर देवरीच्या पलीकडं, जंगलाला टेकून. आजोबा टिकाराम आणि नात रुची. रुचीला झाडांचंच शिकायचं होतं, दुसरं काही नको. टीसी परत घेताना तिचे डोळे भरून आले, योगेश्वरीचेही. “तुला गोंदियाला जावं लागेल,” ती म्हणाली, “पण जा. आणि सुट्टीत आलीस की माझ्याकडं ये, आपण दोघी जंगलात जाऊ.” टिकेश म्हणाला, “गोंदियात खोली मिळेपर्यंत आमच्या घरी राहू दे. माझी आई आहे. आईला सांगून आलोय.”

टिकारामआजोबांनी दोघांकडं निरखून पाहिलं. “मॅडम त देवरीच्या. तुमी कोनत्या कॉलेजचे जी?”

“आज कोणत्याच नाही, आजोबा. मी मॅडमसंगं आलो.”

“संगं म्हनजे?”

टिकेशनं योगेश्वरीकडं पाहिलं. उत्तर योगेश्वरीनंच दिलं. “संगं म्हणजे संगंच, आजोबा. आता पुढंही.”

बाहेर आल्यावर तिनं तिथंच अंगणाच्या कडेला उभं राहून बाबांना फोन लावला. टिकेश स्कूटीपाशी रुमालानं सीट पुसत होता. पुसून झालेली सीट पुन्हा पुसत होता.

“बाबा, विभाग बंद झाला.”

“मालूम हाये, बेटा.” बाबांचा आवाज खाली होता. “तू जेवली काय?”

“जेवली. बाबा… ते पाहुण्यांचं. दिवाळीपर्यंत थांबायचं काम नाही. एक जण आहे, गोंदियाचा.”

पलीकडून बाबांचा खाकरण्याचा आवाज. “असं? कसा हाये पोरगा?”

महिनाभर घरोघरी बसून कोणासाठी काय योग्य, का योग्य, हे घसा कोरडा करून सांगत आली होती योगेश्वरी. चैनलालच्या ओसरीवर तर न थांबता बोलली होती. आता तिला एक शब्द सुचेना. पगार सांगावा, घर सांगावं, शिक्षण सांगावं… काय सांगावं? समोर तो उभा होता, ओला रुमाल पिळत.

“मले पटला, बाबा,” ती म्हणाली.

“मंग पाठव ना त्याले घरी! का मी गोंदियाले घ्यायले जाऊ?” दुधराम टेंभरे फोनवर ओरडले, इतक्या मोठ्यानं की ते टिकेशलाही ऐकू गेलं.